तुझ्या बाबांचा सिनेमा

रोहा,
रविवार, दुपार

प्रिय किमया,

तुमच्या शेजारची धोंडूबाई आज भाचीकडे रोह्याला आली आहे. संध्याकाळच्या गाडीने ती पेणला परत जाईल, तिच्या पिशवीत हे पत्र देते आहे. फोन करता आला असता. पण फोनवर तू रडायला लागतेस, मग माझं बोलणं अर्ध्यावर राहतं, आणि या वेळी ते पुरं व्हायला हवं. शिवाय तुझे बाबा बाजूला बसून ‘स्पीकरवर टाक गं’ म्हणतात. त्यांना काही ऐकवायचं असतं तर मी रामवाडीला तुमच्या घरी येऊन तोंडावर ऐकवलं असतं. हे तुझ्यासाठी आहे. एकटीने वाच. आणि हॉलमध्ये त्या पुतळ्यासमोर बसून वाचू नकोस, गच्चीवर जा.

तुझा तो व्हिडिओ मी पाहिला. पाहिला म्हणजे काय, मला दाखवला गेला. माझ्या दुकानात ब्लाउज शिवायला येणाऱ्या पोरी मोबाइल माझ्या नाकासमोर धरून विचारतात, ‘मावशी, हे तुमचेच भाऊजी ना? बायकोचा पुतळा केला त्यांनी! केवढं प्रेम!’ माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून त्या वाचल्या. व्हिडिओत तुझे बाबा पुतळ्यासमोर चहाचा कप ठेवताना दिसतात, पुतळ्यासाठी पंखा लावताना दिसतात, आणि खाली तू लिहिलं आहेस, ‘आजच्या काळात असं प्रेम कुठे मिळतं?’ अगं, तुझ्या आईच्या सगळ्या संसारात त्या माणसाने स्वतःच्या हाताने चहा केला नव्हता. पहिला चहा केला तो फायबरच्या पुतळ्यासाठी. पुतळा पीत नाही, म्हणून थोड्या वेळाने स्वतःच पितात. धोंडूबाईने पाहिलं आहे.

हेच वाक्य तू आपल्या नवऱ्याला, सुजयला ऐकवलंस आणि बॅग भरून पेणला निघून गेलीस. तो माझ्याकडे आला होता तेव्हा. दारातच उभा राहिला, चप्पलसुद्धा काढली नाही. म्हणाला, ‘मावशी, मी मारलं नाय, पिलो नाय, पगार घरात देतो. असं प्रेम म्हणजे कसलं, ते तरी सांग.’ आता सांगते, तुलाच सांगते.

या सगळ्याचं मूळ तो सिनेमा. ताईचं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. भाऊजी तिला पेणच्या टॉकीजमध्ये घेऊन गेले, आणि नव्या नवरीला एकटी कशी पाठवायची म्हणून आईने मला सोबत धाडलं. मी तेव्हा शाळेत होते. काळापांढरा सिनेमा, त्या वेळीही जुनाच होता. मोठ्या घरचा मुलगा, नदीपलीकडच्या मास्तरांची मुलगी. तिला विषमज्वर होतो. त्याला तिचे हाल बघवत नाहीत, म्हणून तो डोंगरावरच्या बंगल्यात सतार घेऊन जाऊन बसतो. खाली ती तापाने फणफणते आहे आणि वर हा गातो आहे. मग कोणीतरी चुकीची बातमी आणतं की ती गेली. झालं! हा अन्न सोडतो, दाढी वाढवतो, तिचा संगमरवरी पुतळा करून घेतो, आणि गावोगावची माणसं त्याचं प्रेम बघायला डोंगर चढून येतात. ती तर बरी झालेली असते. केस गळलेले, गालफडं बसलेली, अशी ती एके दिवशी काठी टेकत वर येते. हा तिच्याकडे बघतो, पुतळ्याकडे बघतो आणि म्हणतो, ‘तू ती नव्हेस.’ ती खाली उतरते आणि नदीत चालत जाते. हा पुतळ्याला मिठी मारून मरतो. पेणच्या टॉकीजमधल्या बायाबापड्या ओक्साबोक्शी रडत बाहेर पडल्या. भाऊजी सगळ्यांत जास्त रडले. ताईने आपल्या पदराने त्यांचे डोळे पुसले.

घरी येताना मी विचारलं, ‘ती आजारी पडली तेव्हा हा वर का गेला?’ भाऊजी हसले. म्हणाले, ‘वैशू, तुला प्रेम कळायला अजून वेळ आहे.’ आता माझी साठी जवळ आली. अजून वेळच आहे म्हणायचा. तुझे काका गेले तेव्हा तेरावं झाल्याबरोबर मी दुकान उघडलं होतं, कारण लोकांची लग्नं तोंडावर होती आणि कापड माझ्याकडे अडकलं होतं. आळीत म्हणाले, हिचं काळीज दगडाचं. मी मशीनवर बसून रडत होते ते कोणाला दिसलं नाही, मशीनचा आवाज मोठा असतो.

ताईला अर्धांगवायू झाला तेव्हाचं तुला काय आठवतं? तू लग्नानंतरही पुण्याला नोकरीत होतीस, रविवारी यायचीस. आणि रविवार हा तुझ्या बाबांचा प्रयोगाचा दिवस. तू रिक्षातून उतरायचीस तेव्हा ते खाटेजवळ स्टुलावर तिचा हात हातात धरून बसलेले असायचे. तू तो फोटोही काढला होतास. सोमवारी सकाळी ते स्टूल परत गॅलरीत जायचं आणि त्याच्यावर कुंडी. बाकीचे दिवस ते खोलीच्या उंबऱ्यापर्यंत यायचे, आत बघायचे, डोळ्याला रुमाल लावायचे आणि परत टीव्हीसमोर. ‘मला नाही बघवत गं तिला अशी.’ बघवत नाही! अरे, तिला तरी कुठे ते सोसवत होतं? पण ती बिचारी त्या उंबऱ्यावरच्या रुमालावरसुद्धा खूश. मला म्हणायची, जीभ जड झाली होती तरी म्हणायची, ‘केस विंचर गो माझे. ते बघायला येतील. मन लय हळवं हाय त्यांचं.’ पाठीला जखमा झाल्या होत्या माझ्या बहिणीच्या, आणि मन हळवं यांचं! तिचा मला त्या माणसापेक्षा जास्त राग यायचा. मूर्ख बाई. मी दात-ओठ खात तिचे केस विंचरायचे.

मी आठवड्यातून तीन-चार दिवस सकाळच्या गाडीने पेणला यायचे. रोज जमत नव्हतं. मग ज्या दिवशी मी नसे त्या दिवशी तिला कुशीवर कोण वळवत होतं, तिच्या जखमा कोण धूत होतं, याचा तू कधी विचार केलास? बाई ठेवली होती ती महिनाभरात पळाली. सुजय करत होता. रोह्याच्या कंपनीतली रात्रीची शिफ्ट संपली की तो घरी न जाता तसाच गाडीत बसायचा, पेणला उतरून रामवाडीपर्यंत चालत यायचा. कंपनीतले हातमोजे खिशात. पहिल्या दिवशी त्याला दाखवायला मीही होते; ताई लाजून रडायला लागली, जावई माणूस, त्याच्या हातून हे कसं करून घ्यायचं? तर हा म्हणतो, ‘आई, मी डोळे मिटतो. तुम्ही पण मिटा.’ आणि खरंच डोळे मिटून त्याने तिच्या अंगाखालची चादर बदलली, उशी पाडली, पाण्याचा तांब्या लवंडला, ताई रडता रडता हसायला लागली. आजारपणात ती हसलेली मी तेवढंच ऐकलं. भाऊजी बाहेरून ओरडले, ‘काय चाललंय, आवाज कमी करा!’ सगळं आवरून हा परतीच्या गाडीत कासू स्टेशन यायच्या आत झोपायचा. गाडी रोह्यालाच संपते म्हणून बरं, नाहीतर कुठे गेला असता कोण जाणे.

मी एकदा त्याला विचारलं, किमयाला हे सांगितलंस का? म्हणाला, ‘त्यात सांगायचं काय?’ तोही मूर्खच. वेगळ्या प्रकारचा.

ताई गेली तो दिवसही तुला अर्धाच माहीत आहे. दुपार होती. मी तिच्या उशाशी, धोंडूबाई पायाशी, सुजय औषध आणायला बाजारात. श्वास लांब लांब पडायला लागला. बाहेर टीव्हीवर भाऊजींचा तोच सिनेमा लागला होता, आवाज मोठा, कारण आतलं कण्हणं त्यांना ऐकवत नसे. मी दारात जाऊन म्हटलं, ‘भाऊजी, आत या. वेळ आलीय.’ त्यांनी मान वळवली नाही. नुसता हात वर केला. थांब, असा. डोंगरावरचं गाणं चालू होतं. मी आत आले तेव्हा ताई गेली होती. गाणं अजून संपलं नव्हतं.

मग मात्र भाऊजी असे रडले की अर्धी रामवाडी त्यांना सावरायला धावली. कोणी पाणी देतंय, कोणी पाठ चोळतंय, कोणी म्हणतंय याला डॉक्टरकडे न्या. आत मयताजवळ धोंडूबाई आणि मी. तू रात्री पोहोचलीस तेव्हा तुझे बाबा भिंतीला डोकं आपटत होते, ते तू पाहिलंस. बांबू, कडबा, मडकं, भटजी, सगळं कोणी आणलं ते पाहिलं नाहीस.

हे मी आजवर बोलले नाही, कारण ताईने मला आधीच बजावलं होतं, ‘मी गेल्यावर ते लय तमाशा करतील. करू दे. तू हसू नको हां, वैशे.’ म्हणजे तिला सगळं कळत होतं बघ. कळूनसुद्धा केस विंचरून घेत होती. याला काय म्हणायचं? मला शब्द सापडत नाही, आणि सापडला तरी तो चांगला नसेल.

आता पुतळ्याचं. वर्षश्राद्धाच्या आधी भाऊजी मला म्हणाले, ‘वैशू, जोह्याला चल, हौसाची मूर्ती करून घेतोय.’ गेले. बसने उतरलो, शेताच्या कडेने गणपतींच्या कारखान्यात गेलो. गणपतीचे दिवस जवळ आलेले, मूर्तिकाराला डोकं वर करायला फुरसत नाही. त्याने फोटो मागितले. भाऊजींनी पिशवीभर अल्बम काढले. किमया, त्या एवढ्या फोटोंत तुझी आई कुठेही नव्हती. माथेरानच्या फोटोत तिचं कोपर. तुझ्या बारशाच्या फोटोत तिची पाठ. बँकेतल्या निरोपसमारंभाच्या फोटोत ट्रेच्या मागे अर्धा गाल. लग्नाच्या फोटोत मान इतकी खाली की नुसत्या मुंडावळ्या. आणि प्रत्येक फोटोत तुझे बाबा पुरेपूर, बुटांपासून भांगापर्यंत. मूर्तिकार वैतागला. ‘दादा, ह्याच्यात चेहराच नाय. मी काय हवेतून काढू?’ मग त्याने माझ्याकडे बघितलं. ‘या बहीण ना? मग ह्यांनाच बसवा.’ मला बिनरंगाच्या गणपतींच्या रांगेत स्टुलावर बसवलं. भाऊजींचं रंगाच्या वासाने डोकं दुखत होतं, ते बाहेर बांधावर जाऊन उभे राहिले. त्यांच्या बायकोचा चेहरा होत असताना एकदाही आत आले नाहीत.

वर्षश्राद्धाला पुतळ्यावरची शाल काढली आणि सगळे ‘आहाहा’ म्हणाले. मी बघितलं. कपाळ माझं, नाक माझं, लहानपणी जात्यावर पडून भुवईला खोक पडली होती तीसुद्धा माझी. अंगावर ताईची पैठणी होती, जी तिने कधी नेसली नाही कारण तिला कुठे नेलंच नाही. तुझ्या बाबांनी पुतळ्याच्या गुडघ्यांना मिठी मारली, ‘हौसे, आलीस!’ मी अगदी शेजारी उभी होते. त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, ‘वैशू, जरा सरक, फोटोत येतेयस.’ मी सरकले. तू शूटिंग करत होतीस, किमया. पोटची पोर तू, तुलाही आईचा चेहरा आणि मावशीचा चेहरा वेगळा कळला नाही. एका धोंडूबाईला कळला. ती माझ्या कानात म्हणाली, ‘वैशे, ही तर तू हायस गो! ह्यांना दिसत नाय व्हय?’ मी तिला चिमटा काढला. पेणला गेल्यापासून रोज सकाळी तू ज्याला हार घालतेस ते माझं तोंड आहे, बाई. जिवंतपणी असा रोजचा हार मिळणारी या तालुक्यात मी एकटीच असेन.

आणि या फायबरशी तू सुजयची तुलना करतेस.

गेल्या रविवारी तो माझ्या दुकानात आला. मोबाइलवर तो सिनेमा घेऊन आला होता. म्हणाला, ‘मावशी, मी दोनदा लावला, दोनदा झोपलो. तू शेजारी बस आणि मला समजव.’ मशीनला मोबाइल टेकवून आम्ही दोघांनी बघितला. इतक्या वर्षांनी मी तो पहिल्यांदा डोळे उघडून बघितला असं म्हण. आणि मी थक्क झाले. हा डोंगरावर गातो ना, तेव्हा त्याच्या मागे म्हातारा नोकर मटार सोलत बसलेला असतो आणि जांभई देतो. इतकी मोठी जांभई की ती चुकून आलेली असणं शक्यच नाही. हा ‘तू ती नव्हेस’ म्हणतो तेव्हा त्याचा चेहरा दाखवतच नाहीत. तिचे पाय दाखवतात, डोंगर चढून फुटलेले, आणि बराच वेळ तिथेच थांबतात. पुतळ्याचा चेहरा अगदी शेवटी जवळून येतो, तर तो तिचा नाहीच. कोणी तरी दुसरीच, जास्त देखणी. मग नोकर येतो, मेलेल्या धन्याकडे एकदा बघतो, दिवा विझवतो आणि अंगणातले वाळलेले कपडे काढायला जातो. संपला सिनेमा. म्हणजे तो काढणाऱ्याला सगळं कळलेलं होतं, किमया! तो या माणसाला हसत होता, त्याच्या सतारीला, त्याच्या दाढीला, त्याच्या त्या थोर मरणाला. ही गोष्ट प्रेमाची नाहीच, स्वतःच्याच रडण्यावर भाळलेल्या गाढवाची आहे. आणि आपण सगळे टॉकीजभर रुमाल भिजवत बसलो. तुझ्या बाबांनी तर ते गाढवच गुरू केलं. सिनेमा शहाणा होता, बघणारे मूर्ख होते.

सुजय डोंगरावरच्या गाण्यात झोपलाच. मी कोपराने उठवला. शेवट झाल्यावर तो डोकं खाजवत म्हणाला, ‘मावशी, हा खाली का नाय उतरला?’ मला इतकं बरं वाटलं की मी उठून त्याच्यासाठी चहा टाकला. पण त्याने मोबाइलवर शेवट परत एकदा लावून बघितला. मग म्हणाला, ‘किमयाला ह्यात कायतरी दिसतं ना. तो जेवत नाय. तेवढं तर मला जमंल.’ मला वाटलं थट्टा करतोय. सुजयला थट्टा करता येत नाही, हे मी विसरले.

त्याला सोडायचं असेल तर सोड. तो घोरतो, लग्नाच्या वाढदिवसाला कुकर आणतो, फोनवर ‘हां’ आणि ‘नाय’च्या पलीकडे बोलत नाही. ही खरी कारणं आहेत. यातलं एखादं घेऊन आलीस तर मी तुझ्या बाजूने उभी राहीन, वकील मी शोधून देईन. पण तुझ्या बाबांचं प्रेम बघून त्याला सोडणार असशील, तर तू माझ्या बहिणीची नाहीस, त्या टॉकीजमधल्या बायांपैकी एक आहेस.

आता हे सगळं आजच का लिहिलं ते सांगते. काल दुपारी त्याच्या कंपनीतून मला फोन आला. टाकीच्या वरच्या जाळीवर काम करताना सुजय चक्कर येऊन पडला. खाली अॅसिड. शेजारच्या माणसाने पट्ट्याला धरून ओढला म्हणून आज मी हे पत्र लिहिते आहे, नाहीतर दुसरंच काही लिहावं लागलं असतं. डॉक्टर म्हणाले, बाकी काही नाही, पोटात अन्न नाही. गेल्या रविवारपासून हा पाण्यावर आणि कंपनीच्या चहावर होता. मी त्याला रिक्षात घालून घरी आणलं आणि आधी एक थोबाडीत दिली. मग पेज भरवली. पेज पिता पिता तो काय म्हणाला ऐक. ‘मावशी, किमयाला सांगू नको हां. तिला वाटंल मी नाटक करतोय.’ रात्रभर झोपला, सकाळी भात खाल्ला, परत झोपला. मी कबूल केलं होतं की सांगणार नाही, आणि तो घोरायला लागल्याबरोबर कागद घेऊन बसले. आत्ता आतून भांड्यांचा आवाज येतो आहे. उठलाय वाटतं. हातात कप धरवत नाही अजून, आणि माझी खरकटी भांडी घासायला बसलाय. मी त्याला थांबवणार नाही, मला कंटाळा आलाय तुम्हा सगळ्यांना थांबवायचा. तू ये आणि थांबव.

तुझीच, पण आज तुझ्यावर फार चिडलेली,
वैशूमावशी